डावीकडची खिडकी

बाबा, काल गोव्याचं तिकीट काढत होतो. सीट निवडायचं पान उघडल्यावर नेहमीसारखाच विचार केला. मुंबईहून खाली जाताना डावी बाजू घ्यायची, पंखावरच्या रांगा सोडायच्या, सकाळचं विमान असेल तर ऊन तोंडावर येणार हे धरून चालायचं. परतताना उजवी बाजू, म्हणजे घाटकोपरवरून उतरताना पवईचा तलाव दिसतो. ऑफिसातले लोक हल्ली मला विचारून सीट घेतात. हे वेड कुठून लागलं, ते मात्र कोणाला सांगितलेलं नाही.

गिरणी बंद पडल्यावर तुम्ही विमानतळावर सामान चढवायच्या कामाला लागलात. घाटकोपरला टेकडीवरच्या आपल्या खोलीवरून विमानं जायची आणि जेवता जेवता तुम्ही नुसत्या आवाजावरून सांगायचात, मोठं की लहान. आत बसायचा प्रश्न कधी आलाच नाही. नोकरीला लागल्यावर मी पहिल्यांदा विमानाने दिल्लीला जाऊन आलो, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तुम्ही विचारलंत, काय काय दिसलं. मी मधल्या सीटवर झोपलो होतो, तसं सांगून टाकलं. तुम्ही म्हणालात, “इतक्या वर गेलंस आणि झोपलंस?” याहून जास्त तुम्ही मला कधी रागावल्याचं आठवत नाही.

तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी गावच्या जत्रेला विमानाने जायचं मी ठरवलं. गोव्यापर्यंत विमान, पुढे गाडीने मालवण. आठवडाभर नकाशे बघितले. दोघांनाही खिडकी मिळावी म्हणून डावीकडच्या एकामागे एक अशा दोन सीट घेतल्या, पुढची तुमची, मागची माझी. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात. बसलात, आणि बाजूला बघता तर खिडकीच नाही. कोरी, पांढरी भिंत. काही विमानांत एखाद्या रांगेला खिडकी नसते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी उठून विचारतो, तर विमान भरलेलं आहे. मग तुम्हाला म्हणतो, माझ्या जागेवर या. तुम्ही मान न वळवता म्हणता, “खाली बस रे, लोक बघतत. माका हयच बरा.”

विमान समुद्राकडे उडतं, डावीकडे वळतं, पंख खाली झुकतो आणि माझ्या खिडकीत अख्खं वांद्रे येतं, मग समुद्रावरचा पूल, मग मोकळा किनारा, खाड्या, वाळूच्या पट्ट्या, होड्या. पुढची सीट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून तुमचा हात दिसत होता. तो तुम्ही त्या भिंतीवर टेकवून ठेवला होता.

पुढे गाडीत तुम्ही मला एकेक करून सगळं विचारून घेतलंत. कुठली खाडी आधी आली, पूल वरून केवढा दिसतो, पाण्याचा रंग कुठे बदलतो. मला वाटलं, वेळ घालवताय. संध्याकाळी काकीने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “सगळा दिसला.” आणि माझ्याच शब्दांत, त्याच क्रमाने, पूल आणि खाड्या सांगितल्यात. वर हेही सांगितलंत की पोराने बाजू बरोबर निवडली. मी तिथेच बसलो होतो. माझी चूक तुम्ही घरात कोणाला कळू दिली नाहीत, आईलासुद्धा नाही.

पुढच्या जत्रेला पुन्हा विमानाने जायचं ठरलं होतं. त्याआधीच तुम्ही गेलात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवतो. पट्टा सोडायची परवानगी मिळाल्यावर मी उठून तुम्हाला पुन्हा विचारू शकलो असतो. दुसऱ्यांदा तुम्ही नाही म्हणाला नसतात, एवढं मी तुम्हाला ओळखत होतो. म्हणूनच विचारलं नाही. मला बघायचं होतं.