पंच क्रमांक दोन

अहो,

उखाण्यापलीकडे तुमचं नाव कधी घेतलं नाही, आता पत्रात तरी कशाला लिहू? जी हाक मारायचे तीच लिहिली. ओळखाल.

पत्राला कारण भालेरावसाहेब. तुमच्या वर्षश्राद्धाला पेन्शनर मंडळी तुमच्या लेखांचं पुस्तक काढणार आहेत. साहेब घरी आले, म्हणाले, वहिनी, सुरुवातीला तुमचे दोन शब्द हवेत. इतका प्रामाणिक अधिकारी घरात कसा होता ते लिहा. मी हो म्हटलं आणि तीन दिवस कागद पुढे घेऊन बसले. जे आलं ते त्यांना देण्यासारखं नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

तुमच्या सातही वह्या वाचल्या. तुम्ही होतात तेव्हा दोनच वाचल्या होत्या, आणि दर पानाला तुम्ही विचारायचात, "कळतंय ना तुला?" कळत होतं हो. रस्ता झाल्यावरच गटारासाठी तो का खोदतात, वाकड-पुनावळ्याला वीस-वीस मजले आधी आणि पाण्याची लाइन मागाहून का येते, तक्रार करणाऱ्यालाच आधी चार दाखले का मागतात. तहसीलदार म्हणून निवृत्त झालेला माणूस हे लिहितो, याचा मला अभिमान होता. दुसरीतून शाळा सुटलेल्या बाईला अभिमानच वाटणार.

चौथ्या वहीत एक लेख आहे, 'जागेवर न जाणारं सरकार'. त्यात तुम्ही लिहिलंय, की एका अधिकाऱ्यानं टेबलावर बसून पंचनामा केला, जागा पाहिल्याचं ज्यांच्या नावावर लिहिलं त्या पंचांनी ती कधीच पाहिली नव्हती, आणि त्यातल्या एकाला तर आपण कशावर सही करतो हेही वाचता येत नव्हतं.

हा लेख तुम्ही मला गॅलरीत बसून वाचून दाखवला होता. मी विचारलं होतं, कोण हो असला अधिकारी? तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात. नंतर म्हणालात, "होता एक."

मागच्या महिन्यात एक बाई दारात आली. तिशी-बत्तिशीची, खांद्याला कंपनीच्या कॅन्टीनची पिशवी. अनिता नाव, लातूरकडची. चाकणच्या पुढं भाड्याच्या खोल्यांत राहते. साहेब आहेत का म्हणाली. मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. हार बघितला आणि ती उंबऱ्यातच खाली बसली. मी आत बोलावलं, चहा ठेवला.

तिचा नवरा दोन पावसाळ्यांपूर्वी गेला. नाइट शिफ्ट करून आला होता, खोलीत झोपला होता. ही कामावर. भरदुपारी वरच्या डोंगराचं पाणी आलं आणि बाहेर उघडणारी पत्र्याची दारं दाबून बसलं. त्या ओळीतले तिघे गेले. सगळे शिफ्ट करून झोपलेले.

गावातले म्हातारे म्हणतात, तिथं ओढा होता, बुजवला आणि वर खोल्या बांधल्या. खोल्यांचा मालक म्हणतो, ओढा नव्हताच, सरकारी पंचनामा आहे. अनितानं माहितीच्या अधिकारात त्या पंचनाम्याची नक्कल काढली. बावीस वर्षांपूर्वीची. खाली तहसीलदार म्हणून तुमची सही. पंच क्रमांक एक गावचा कोतवाल, तो वारला. पंच क्रमांक दोन, सुमन दगडू शेळके, राहणार सदर, धंदा शेती.

"ही बाई गावात कुणालाच ठाव नाही वो मावशी," ती म्हणाली. "आख्खं गाव हिंडले. साहेब तरी वळखत असतील म्हणून आले. मला पैशासाठी नाही पायजे. आमच्या बाजूच्या खोल्यांत अजून मानसं राहतेत. कागदावर वढा नाही म्हनून खोल्या पाडंनात."

नक्कल तिनं माझ्या हातात दिली. मी चष्मा लावून वाचली. सगळी वाचली, एक शब्द अडला नाही. मग तिला म्हणाले, "नाही गं बाई. मला माहीत नाही."

कप विसळून पालथा घालून ती गेली.

मी खोटं बोलले. तुमच्या फोटोखाली बसून बोलले. तुम्हाला बरं वाटलं का?

तो रविवार तुम्हाला आठवत असेल, मला तर आठवतोच. संत तुकाराम नगरातली आपली जुनी खोली. आपला महेश सहावीत. मी ओल्या हळदीचं लोणचं घालत होते. तलाठी फाइल घेऊन आला. जीप दुरुस्तीला होती, तुमच्या अंगात कणकण होती, आणि वरच्या साहेबांना सोमवारी अकराच्या आत कागद हवा होता. एका पंचाची सही कमी. तलाठी म्हणाला, "साहेब, वरनं तीनदा फोन झाला." तुम्ही फाइल उघडलीत आणि मला हाक मारलीत.

बँकेसाठी तुम्ही मला सासरच्या नावाची सही शिकवली होती. पण मी कॅलेंडरच्या पाठीमागे माहेरच्या नावाचीही गिरवायचे, ते तुम्ही बघितलं होतं. म्हणालात, "ती जुन्या नावाची सही कर इथं. सुरेख येते तुझी."

मी विचारलं, कशावर?

"सरकारी काम आहे. सरकारच्या उपयोगी पडलीस बघ."

तलाठी हसला. मीसुद्धा हसले. पदराला हात पुसून सही केली, तरी अंगठ्याची हळद कागदाला लागली. तुम्ही फुंकर घालून झटकलीत. नकलेत तिथं करडा डाग आला आहे. सहीच्या आधी मी तोच ओळखला.

त्या दिवशी मला केवढा आनंद झाला होता! माझी सही सरकारात गेली. आठ दिवस शेजारणींना सांगत होते. त्याच हुरुपात महेशची पुस्तकं काढून मी नीट वाचायला शिकले. दुकानांच्या पाट्या, रद्दीतले पेपर, मग लायब्ररी. म्हणजे माझं वाचन सुरू झालं तेच त्या सहीपासून. हे आता कुणाला सांगू?

तुम्ही पैसे खाल्ले असते तर रागावणं सोपं गेलं असतं. तुम्ही कुणाचा चहासुद्धा घेत नसायचात. जीप नव्हती, ताप होता, रविवार होता. एवढ्यावर एक ओढा नाहीसा झाला. तुमच्या वह्यांत लाचखोरांवर पानंच्या पानं आहेत. तापातल्या रविवारावर स्वतःच्या नावानं एक ओळ नाही.

नाही कशी, आहे. सातव्या वहीच्या शेवटी. अनिता गेल्यावर मी ती पुन्हा काढली. तिघे गेल्याची बातमी आली तो दिवस मला आठवला. पेपर घडी करून तुम्ही उशाखाली ठेवलात आणि जेवला नाहीत. दोन दिवसांनी, मित्राकडे जातो म्हणून एकटे बसने गेलात. संध्याकाळी आलात तेव्हा चपलांना चिखल होता, काळा, वास मारणारा. मी त्या नळाखाली धुतल्या. विचारलं, मित्राच्या घरी एवढा चिखल? तुम्ही म्हणालात, काम चाललंय रस्त्याचं.

त्यानंतर तुम्ही लिहिणं सोडलंत. मी समजले वय झालं. वहीच्या त्या पानावर गावाचं नाव आहे, तुम्ही गेलात ती तारीख आहे, आणि खाली एक ओळ: 'जागा समक्ष पाहिली. ओढा आहे. पंच क्र. २ ला सांगणे.'

अहो, पंच क्रमांक दोन तुमच्या समोरच्या खुर्चीवर बसत होती! रोज दोन वेळा तुम्हाला पोळी वाढत होती. त्यानंतर पुढचा पावसाळा येऊन गेला, मग तुम्ही गेलात. एवढ्या दिवसांत तुम्हाला एक दुपार मिळाली नाही? का लाज वाटली? का मी पुन्हा विचारीन, कशावर सही केली होती मी, याची भीती वाटली?

महेशला सगळं सांगितलं. वाकडहून आला, गाडीची किल्ली हातात तशीच. म्हणाला, "आई, पप्पा गेलेत. आता त्यांचं नाव कशाला काढतेस? आणि तुझ्यावर केस झाली तर? या वयात चौकीत जाऊन बसणार आहेस का?"

मी म्हणाले, "त्या खोल्यांत अजून माणसं झोपतात रे, शिफ्ट करून."

"ते सरकारचं काम आहे."

"सरकारचं काम आहे म्हणूनच सही केली होती मी."

किल्ली खिशात घालत म्हणाला, निदान पुस्तक होऊन जाऊ दे. जाताना डबासुद्धा नेला नाही. त्याचं चुकतं असंही नाही हो. बापाचं नाव त्याला वर्षश्राद्धापर्यंत तरी तसंच हवं आहे.

मग मी जागेवर गेले. पंचानं जागा बघायची असते, एवढं तर वह्या वाचून कळलंच. ट्रक-कंटेनरच्या रांगेत बस तासभर अडकली. अनिताचा पत्ता नकलेबरोबरच्या अर्जावर होता, तो ती कप विसळत होती तेव्हा मी लिहून घेतला होता. खोल्यांच्या मागे जमीन सरळ रेषेत खोल जाते, गवतसुद्धा तिथलंच हिरवं. ओढा शोधावा लागत नाही. न शिकलेल्या माणसालाही दिसतो. खोल्यांच्या भिंतीवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीला पाण्याची रेघ आहे. एका दारावर कुणी नुकताच निळा रंग दिलाय, आणि आत घरघरणारा पंखा लावून कुणीतरी झोपलं होतं.

अनिता कामावरून येईपर्यंत मी पायरीवर बसले. ती आली, मला बघून थांबली. मी सांगितलं, सुमन शेळके मीच.

तिनं आरडाओरडा केला नाही. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "मला चहा पाजला तुमी त्या दिवशी. घरात बसवून. आन् तोंडावर खोटं बोललात."

मी म्हणाले, हो.

"साहेबांनी करायला लावलं का?"

मी म्हणाले, "त्यांनी सांगितलं, मी केली. वाचता येत नव्हतं मला. पण कशावर, हे पुन्हा विचारता आलं असतं."

ती मला आत ये म्हणाली नाही. मंगळवारी चौकशीची तारीख आहे, अकराला, एवढंच सांगितलं. मग मी रस्त्याला लागल्यावर मागून हाक आली, "मावशी, येताल ना नक्की?"

तर ऐका. मंगळवारी मी जाणार आहे. तुमची सातवी वही बरोबर नेणार आहे, कारण ती ओळ तुम्ही लिहून ठेवलीत आणि तुमच्या बाजूनं दाखवण्यासारखं माझ्याकडे तेवढंच आहे. तुम्ही प्रामाणिक होतात हेही सांगेन, कुणी विचारलं तर. भालेरावसाहेबांना उद्या सांगणार आहे, की दोन शब्द देते, पण चौथ्या वहीतल्या लेखात 'एका अधिकाऱ्याने' आहे तिथं 'मी' छापा. नाही छापलं तर माझे शब्दही छापू नका.

तुमचा फोटो भिंतीवरून काढणार नाही. हारही रोज घालेन. पण अनिता पुन्हा कधी आली, तर तिला त्याच्यासमोर बसवून खरं बोलेन, हे तुम्हाला वचन.

जबाबाच्या शेवटी एक वाक्य असतं, तुम्हीच कितीदा लिहून घेतलं असेल. आज ते मी माझ्या हातानं लिहिते. वरील मजकूर मी स्वतः वाचून पाहिला, तो मला समजला, आणि तो खरा आहे.

तुमची,
सुमन दगडू शेळके
(जुन्या नावाची सही)