माझ्या फाटकापुढची पांढरी गाडी

३ जानेवारी

पुन्हा तिथंच! चहाचा कप घेऊन फाटकाशी गेलो तर तीच पांढरी गाडी, नाक आमच्या जास्वंदीला टेकलेलं. समोरच्या घरात भाड्यानं राहणाऱ्या राहुलची. त्याच्या स्वतःच्या दारापुढं इतकी जागा मोकळी आहे की बैलगाडी वळवून घ्यावी. तरी ह्याला माझंच फाटक लागतं!

हाक मारली. ब्रश तोंडात धरूनच आला. "काकाजी, उधर धूप लगती है गाडी को."

जानेवारीत! सारं बालाघाट उन्हाच्या कवडशामागं खुर्ची सरकवत बसलंय, आणि ह्याच्या गाडीला ऊन लागतं!

बराच वेळ बोललो. शेवटी काढली त्यानं. जिंकलो. आत येऊन पोहे दोनदा घेतले.

४ जानेवारी

पुन्हा लावली.

५ जानेवारी

शेजारच्या अनुसयाबाईंनी आज भिंतीवरून टोचलंच. "पंत, तुमच्याजवळ गाडी नाही, घोडा नाही. काहून भांडता रोज त्या पोराशी?"

"जागा माझ्या दारापुढची आहे."

"पण रस्ता तर नगरपालिकेचा आहे ना!"

ह्या बाईशी बोलण्यात अर्थ नाही. खरं कारण तिला सांगितलं नाही. दसऱ्याला ज्योत्स्ना नागपूरहून स्वतः गाडी चालवत आली होती. माझी लेक, एकटी, तुमसरच्या त्या रस्त्यानं! पण सणाच्या गर्दीत गल्लीत जागा मिळाली नाही. वळणावर लावावी लागली, आणि कोणीतरी आरसा मोडून गेला. दोन दिवस राहणार होती, संध्याकाळीच परतली. जाताना म्हणाली, "बाबा, तुमच्या गल्लीत गाडी लावायलेच जागा नाही." दिवाळीत आली नाही. विचारलं की म्हणते सुट्टी नाही. सुट्टी नसते असं कुठं असतं? जागा नाही, हे खरं!

म्हणून ती जागा रिकामी पाहिजे. केव्हा निघून येईल, नेम नाही.

६ जानेवारी

आज तर गाडीवर कव्हर घातलेलं! म्हणजे मुक्कामच! मी काठीनं कव्हर वर केलं आणि म्हणालो, "ही काय नवरी आहे का, पदर घेऊन उभी?" राहुल हसला. मलाही हसू आलं. ते दाबलं आणि मग भांडलो.

एक कबूल करावं लागेल — बायको वारल्यावर सारा पावसाळा मी फाटकापर्यंतसुद्धा गेलो नव्हतो. दुधाची पिशवी अनुसयाबाई आत आणून द्यायच्या. आता सकाळी उठलो की आधी चष्मा, मग काठी, मग फाटक!

७ जानेवारी

सुचलं! आम्ही कटंगीच्या शाळेतली पोरं तुमसरच्या बसमध्ये जागा कशी धरायचो? खिडकीतून दुपट्टा आत टाकायचा. सीटवर दुपट्टा पडला की ती सीट त्याची. पहिलवान आला तरी दुपट्टा उचलून बसायचा नाही. काय मान होता दुपट्ट्याचा! मागच्या सीटवर आमचे गुरुजी, आणि बस धक्के खाते त्या तालावर आम्ही सगळे कविता म्हणतोय. खड्डा आला की यती चुकायची...

तर राहुल बँकेत गेल्यावर फाटकापुढं दोन विटा मांडल्या, वर माझा पिवळा दुपट्टा अंथरला. आता बघू!

८ जानेवारी

दुपट्टा फाटकावर. धुतलेला, इस्त्री केलेला, चौघडी घातलेला! गाडी जागेवर.

राहुलची बायको श्रुतिका सज्ज्यातून म्हणाली, "काकाजी, दुपट्टा गिर गया था. मिट्टी लग गई थी, तो धो दिया."

अशा माणसांशी भांडावं तरी कसं? तरी भांडलो. पण आवाज चढेना. दुपट्ट्याला साबणाचा वास फार चांगला येत होता.

९ जानेवारी

माझी युक्ती गल्लीनं उचलली! कोणाचा टॉवेल विटेवर, कोणाची बनियन खुर्चीवर. अनुसयाबाईंनी तर स्टुलावर चक्क परकर अंथरला. त्यांच्याकडं गाडी नाही, स्कूटर नाही! विचारलं तर म्हणतात, "माझा जावई येईल कधीतरी. तोवर राहू दे." तिथं गाडी लावायची कोणाची छाती नाही. राहुल मात्र शहाण्यासारखा टॉवेल चुकवत, परकराला वळसा घालून, शेवटी माझ्याच फाटकापुढं!

१० जानेवारी

आज शस्त्र बदललं. भुजंगप्रयातात दोन ओळी रचल्या, सुवाच्य अक्षरात लिहून काचेच्या वायपरखाली अडकवल्या —

रिकामी असू द्या जरा वाट दारी,
तिची यायची वेळ झाली दुपारी.

एकही मात्रा कमी-जास्त नाही! गुरुजी असते तर बाकावर उभं करून पुन्हा म्हणायला लावलं असतं.

राहुल कागद घेऊन आला. "काकाजी, एकदम मस्त! पर मतलब क्या हुआ?"

घ्या! घरात मराठी, नाव मराठी, पण शाळा मध्य प्रदेशातली, हिंदी; पोराला दोन ओळी कळेनात. त्याला लघु-गुरू समजावले. गाडीच्या बॉनेटवर ताल धरून म्हणून दाखवलं. त्यानंही धरला ताल — चुकीचा, पण धरला. बँकेत जायला उशीर झाला त्याला. भांडण राहूनच गेलं होतं, ते तो निघताना आठवलं. घाईघाईत चार शब्द सुनावले.

श्रुतिका सज्ज्यात मोबाइलवर काहीतरी करत होती. रोजच असते. माझा व्हिडिओ काढते की काय? दाढी केलेली होती, बरं झालं.

१२ जानेवारी

ज्योत्स्नाचा फोन. म्हणालो, "संक्रांतीले ये. गाडीले जागा करून ठेवतो."

"नाही जमत, बाबा. ऑफिसात लय काम आहे. तुम्ही बरे आहा ना?"

"हौ."

"मग झालं तर."

मग झालं तर! म्हणजे मी बरा आहे म्हणून ती येत नाही. बराच वेळ खिडकीशी बसलो. कविता एकही आठवली नाही.

१३ जानेवारी

भांडलो. मन नव्हतं.

१४ जानेवारी, संक्रांत

श्रुतिका तिळाचे लाडू घेऊन आली. नवी साडी, डोक्यावर पदर. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकाजी, अब तो मीठा बोलना पड़ेगा."

लाडू तोंडात होता. नाही कसं म्हणणार? शब्द दिला.

आणि आता भांडायचं तरी कोणासाठी? जिच्यासाठी जागा धरली तिला यायचंच नाही. उगीच त्या पोराचा रोज छळ!

१५ जानेवारी, सकाळ

शब्द पाळला. फाटकाशी गेलो. राहुल गाडी पुसत होता. मला बघून त्यानं नेहमीसारखी मान खाली घातली, बोलणी खायला तयार. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "लाव बेटा, खुशाल लाव. मले आता ती जागा काय करायची आहे? तुझीच समज."

फडकं पडलं त्याच्या हातातून! "काकाजी... तबियत ठीक है ना?"

"आता कसली तब्येत! सगळं छान आहे. सुखी राहा दोघं."

सज्ज्यातली श्रुतिका धावत आत गेली. थोड्या वेळानं अनुसयाबाई कण्या-ताक घेऊन हजर. "पंत, छातीत तर नाही ना दुखून राह्यलं?" माणूस चांगलं वागला की लोकांना काय होतं कोण जाणे! मला अगदी संतासारखं वाटत होतं. पोहे मात्र गेले नाहीत.

१५ जानेवारी, दिवेलागण

ज्योत्स्ना आली! गाडी वळणावरच टाकून धावत आली, फाटकापुढं जागा कुठं होती! आधी कपाळाला हात लावला, मग नाडी धरली. "बाबा, राहुलशी गोड बोलले म्हणे तुम्ही? माझा तर जीवच उडाला! घोटभर पाणीसुद्धा न पिता निघाली मी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गाडी माझ्या फाटकापुढं लाव, हे राहुलला हिनंच सांगितलं होतं! दसऱ्याला आली तेव्हा. "तुम्ही घराबाहेरच पडत नव्हते, बाबा. मी काय करू? तुम्ही भांडाले निघाले की श्रुतिका मले कळवते — बाबा ठीक आहेत. मग मी निवांत ऑफिसात जाते."

आता ती आत भाकरी थापते आहे. मला बजावलंय — उद्या सकाळी तुम्ही राहुलशी नीट, नेहमीसारखं भांडले, की मग मी निघीन.

उद्या राहुल तिथं ट्रॅक्टर लावो की राइस मिलचा ट्रक. मी गोडच बोलणार!