गोळीतलं ३९३

८ सप्टेंबर २००७, मॉरिसव्हिल, अमेरिका

आईचा डबा पोहोचला! नीलांबरी मावशी लेकीकडे आल्यात, त्यांच्याबरोबर पाठवला. मेतकूट, ज्वारीचे पापड आणि राजाराम वैद्यांच्या गोळ्या. त्या गोळ्यांमुळे गुडघे धरलेली आई दोन वर्षांपासून जिना चढते. स्वतःच्या डबीतल्या निम्म्या काढून दिल्यात — माझ्या दुखऱ्या मनगटासाठी. फोनवर म्हणते, "नुसता झाडपाला गं, अपाय काही नाही."

१६ सप्टेंबर

मनगट बरं! इथल्या डॉक्टरांनी चार महिने नुसता पट्टा बांधून ठेवला होता. वैद्यबुवांना इथूनच साष्टांग नमस्कार.

१९ सप्टेंबर

लॅबमध्ये पाहुणे आले होते. सरांना यंत्राचा थाट दाखवायचा होता — नमुना विरघळवायचा नाही, गाळायचा नाही, उघड्या हवेत आहे तसा धरायचा. त्यावर विद्युतभारित थेंबांचा फवारा, की काही सेकंदांत रेणूंची वजनं पडद्यावर. "एनीबडी गॉट अ पिल?" मी ऐटीत पर्समधून डबी काढली.

३९३ वर एवढा उंच सुळका! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याबरोबर पीएचडी करणारा अनीश कानाशी म्हणाला, "यार, एकच सुळका? हा झाडपाला नाही वाटत."

२० सप्टेंबर

आणखी पाच गोळ्या लावल्या. पाचही तशाच. रेणू फोडला, तुकडे पाहिले — ३७३, ३५५. बाटलीतल्या शुद्ध डेक्सामेथासोनशी ताडून पाहिलं. तंतोतंत. स्टेरॉइड!

आईचा चेहरा गोल झाला तेव्हा आम्ही म्हणायचो, तब्येत सुधारली. संताप संताप होतोय. माझ्या गोळ्या आजपासून बंद.

२४ सप्टेंबर

बंद करून चार दिवस झाले. मला काहीच त्रास नाही. मग सकाळी अमरावतीला फोन केला. आई म्हणाली, "वैद्यांना एकदा विचारते गं. एकदम कशाला सोडायच्या?"

मी ओरडले. "मशीन खोटं बोलत नाही, आई! आजपासून एकही घ्यायची नाही. फेकून दे!"

"बरं बाई. तू शिकलेली." फोन ठेवला तेव्हा फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

३० सप्टेंबर

आईला अशक्तपणा आहे, मळमळतंय. गणपतीची दगदग, म्हणाली. मी हो म्हटलं.

५ ऑक्टोबर

दादाचा फोन. आई देवघरात कोसळली. बीपी लागतच नव्हतं. आयसीयूत आहे.

डॉक्टर म्हणाले — इतकी वर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. महिनोन्‌महिने हळूहळू कमी करायचं असतं. एकदम तोडलं तर माणूस जातं.

मी घेतल्या बारा दिवस. आईनं दोन वर्षं. मला काही झालं नाही म्हणून तिलाही होणार नाही — हा माझा हिशोब! कुणा डॉक्टरला एक फोन केला असता. केला नाही. मला सगळं कळत होतं ना!

७ ऑक्टोबर

शुद्धीवर आली. बोलते आहे. देवा!

डॉक्टरांनी तिला विचारलं, गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं? दादा म्हणाला, "आई म्हणते, कोणी नाही. मीच कंटाळून सोडल्या." मी सलाइनबद्दल विचारलं. भित्री कुठली.

८ ऑक्टोबर

अनीशनं जबरदस्तीनं वरणभात खायला घातला. "घरी सांगून टाक," म्हणाला.

११ ऑक्टोबर

आज दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे. तू ओरडलीस त्या दिवशी फोन स्पीकरवर होता. आई दोन दिवस तरीही घेत होती. मीच तिच्या हातातून डबी हिसकावली आणि संडासात ओतली."