मायलेकींना घरी आणायची तयारी

१२ ऑक्टोबर, रविवार
लेकीचा, दारियाचा फोन. डॉक्टरांनी बाळंतपणाला चौदा डिसेंबर सांगितलाय. जावई वर उत्तरेला खाणीत, वीस तारखेआधी सुटणार नाही. मग हॉस्पिटलातून बाळाला घरी कोण आणणार? मी. दुसरं आहे कोण? एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, तीही मॅनिटोबाच्या हिवाळ्यात. एकही अपघात नाही. (टपालपेटीला धडकणं अपघातात धरत नाहीत.) तिचं ब्रॅन्डन इथून एकशे साठ किलोमीटर, मध्ये डोंगर. पण नातवंडाचा पहिला प्रवास माझ्याच गाडीतून. दारियाला शब्द दिला.
निर्धार: यंदा सगळी तयारी ऑक्टोबरातच.

१९ ऑक्टोबर
शेजारची व्हर्ना बर्फाचे टायर लावत होती. स्वतः, गुडघ्यांवर बसून. वय अडुसष्ट. बाहेर लख्ख ऊन. तुझेही लावून देऊ का, म्हणाली. म्हटलं, बाई, कोरड्या रस्त्यावर ते रबर झिजतं. बायको, स्टेफा, म्हणाली, बरोबर आहे, बर्फ पडल्यावरच लाव, सगळं गाव तेव्हाच गॅरेजात जातं. स्टेफाने टोमणा मारला की दुजोरा दिला, कळलं नाही. दुजोरा धरला.

५ नोव्हेंबर, सकाळी ८
बर्फ. आधी सांगायला हवामानवाल्यांना काय झालं होतं?
गॅरेजला फोन. डॉनी म्हणाला, काका, आता सतरा डिसेंबर. याला मी सात वर्षं शाळेत पोचवलाय. म्हटलं, जरा आठवण ठेव. म्हणाला, आठवण आहे ना, तुम्ही दरवर्षी बर्फ पडल्यावरच फोन करता.
स्वतःच लावतो. टायर शेडमध्ये, होडीच्या मागे. होडीपुढे गवत कापायचं यंत्र. ते ओढताना कंबर धरली. उद्या.

६ नोव्हेंबर
कंबर.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बर्फावरच्या खेळाच्या, कर्लिंगच्या क्लबात माझं दरवर्षीचं भाषण: 'हिवाळ्यातली गाडी आणि तिचा ड्रायव्हर'. अकरा श्रोते, त्यातले नऊ कॉफीला आलेले. गाडीत फावडं, ब्लँकेट, मेणबत्ती, काड्यापेटी, चॉकलेट हवंच, हे ठासून सांगितलं. प्रश्नांच्या वेळी व्हर्ना उठली. तुझी गाडी बाहेर उन्हाळी टायरांवर का उभी आहे, म्हणाली. मी सांगितलं, ड्रायव्हर पक्का असला की टायर दुय्यम. हशा पिकला. लोकांना या विषयाचं गांभीर्य नाही. थकायला होतं.

२३ नोव्हेंबर
गाडीसाठी अडीअडचणीचा डबा भरला. चॉकलेट शिळं नाही ना, हे पाहायला एक खाल्लं. शिळं नव्हतं. उरलेली पाच तपासली.
बाळाची सीट मात्र मागे बसवली. पट्टे आवळून, हलवून पाहिली. जागची हलत नाही. हे काम कुणी माझ्याकडून शिकावं.

२ डिसेंबर, उणे एकोणतीस
आता इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची वायर विजेला जोडायला हवी. व्हरांड्यात प्लग एकच. त्याला नाताळचे दिवे, टायमरवर. हीटरची वायरही त्याच टायमरला लावली. दिवे आणि गाडी एकदम. स्टेफा म्हणाली, अरे, दिवे दहाला विझतात. म्हटलं, पाचला लागतात. म्हणजे पाच तास. इंजिनाला तीन पुरतात, हे सगळं गाव जाणतं.
टायरांचंही काढलं तिने. म्हटलं, हळू चालवीन. म्हणाली, मला हळूहळू मरायचं नाहीये.
चाळीस वर्षांच्या संसारात विश्वास म्हणून कसा तो नाही.

१३ डिसेंबर, शनिवार, सकाळी ८
पहाटे पाचला फोन आला. कळा सुरू. दारियाला तिच्या शेजारणीने हॉस्पिटलात नेलं. आम्ही साडेपाचला बाहेर. उणे छत्तीस. किल्ली फिरवली. टक्. परत टक्. दिवे दहाला विझलेले, इंजिन रात्रभरात पार गारठलेलं.
व्हर्ना तिच्या बॅटरीला जोडायची केबल घेऊन आली. काही उपयोग नाही. शेवटी म्हणाली, चला दोघं माझ्या गाडीत. मागची सीट रिकामी आहे.
मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. मी ही सुरू करून मागोमाग येतोच. बाळाला आणायला हीच गाडी लागणार.
स्टेफाने हातमोजे काढले, माझ्या गाडीतली बाळाची सीट सोडवली आणि व्हर्नाच्या गाडीत नेऊन बसवली. मी पट्टे तपासायला गेलो. व्हर्ना म्हणाली, दार लाव, ऊब जाते.

१४ डिसेंबर
मुलगी. दोघी सुखरूप. स्टेफा तिकडेच राहतेय, व्हर्नाही थांबलीय. बॅटरी काढून स्वयंपाकघरात आणली, चार्जरला लावली. टेबलावर ती आणि मी. डब्यातलं सूप गरम करून खाल्लं.

१५ डिसेंबर
बॅटरी चार्ज धरत नाही. आठ वर्षांची आहे म्हणे. एवढ्यात?

१६ डिसेंबर, मंगळवार
दारियाचा फोन, तिच्या घरून. काल व्हर्नाने दोघींना आणलं. बाळ रस्ताभर झोपलं होतं. मग म्हणाली, बाबा, आईने सांगितलं मला. टायर बदललेले नाहीत म्हणून तू आपण होऊन निघाला नाहीस. कळा यायच्या त्या येत होत्या, पण माझा जीव तुझ्यात अडकला होता. हट्टाने निघशील, डोंगरात कुठे घसरशील. आयुष्यात पहिल्यांदा थांबलास रे. थँक यू.
स्टेफाने असं सांगितलंय. मला एका शब्दाने बोलली नाही.
मी म्हटलं, हो. कधी थांबायचं ते ड्रायव्हरला कळायला हवं.
दारिया म्हणाली, तेच तर. मग फोन बाळाच्या तोंडाजवळ धरला. श्वास ऐकू आला.
नंतर बाहेर जाऊन गाडीत बसलो. मागे बसलो, सीट होती तिथे. लाज वाटली. रडलो. पापण्या गोठून चिकटायला लागल्या, तेव्हा घरात आलो.