दगडाची ओटी

४ सप्टेंबर २००५, कार्डिफ
आले एकदाची! पाचवा महिना, त्यात एवढा विमानप्रवास, तरी मी ठणठणीत. उल्हासने माझ्यासाठी घर आवरलंय, म्हणजे सगळा पसारा कपाटात कोंबून दार लावलंय. बाळ पोटात सारखं लाथा मारतं. बापावर गेलंय, एक मिनिट स्वस्थ बसेल तर शपथ.

११ सप्टेंबर
सासूबाईंचा फोन. नव्या गावी गेलीस, आधी ग्रामदेवतेची ओटी भर. आता कार्डिफची ग्रामदेवता कुठून आणू? उल्हास म्हणाला, चल, एक दगड दाखवतो. शहराबाहेर एका जुन्या बंगल्याच्या बागेत जपानमधल्या एका अवाढव्य शिळेची नक्कल आहे. मूळ शिळा पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते, आणि ती कुणी, कशासाठी घडवली हे कुणालाच ठाऊक नाही. बंगल्याच्या मालकाने हौसेने तशीच करून घेतली, पण ही काही तरंगेना. खोलीएवढा दगड जमिनीत रुतून बसलाय. पाटी नाही, तिकीट नाही, फक्त मिस्टर प्रॉसर नावाचे म्हातारे राखणदार.

मी खण, नारळ, तांदूळ नेलेच होते. ओटी भरली, बाळ सुखरूप येऊ दे म्हटलं, आणि रीतीप्रमाणे ओटीतले चार दाणे परत घेऊन ओढणीत बांधले. प्रॉसर म्हणाले, इथे कुणी काही ठेवत नाही आणि इथून कुणी काही नेत नाही. उल्हासने त्यांना आपला नंबर देऊन ठेवला. म्हातारा जरा खडूसच वाटला.

१६ सप्टेंबर
मिडवाइफने वजन केलं. पाच दिवसांत अकरा किलो वाढ. तिने काटा बदलून पुन्हा केलं. तेवढंच. पोट दिसायला मात्र पूर्वीइतकंच. बाळ कालपासून हललेलं नाही, पण ठोके आहेत म्हणाली. मला भीती वाटतेय.

२१ सप्टेंबर
जिन्याची पायरी माझ्या पायाखाली मोडली. प्रॉसरांचा फोन आला होता. शिळेखाली फट पडलीय. त्यांचा हात आत जातो.

उल्हासने हे मला संध्याकाळी सांगितलं, नजर चुकवत.

२४ सप्टेंबर
पलंग मोडला. जमिनीवर पडून आहे. मिडवाइफ म्हणाली, ठोके मंद झालेत. अॅम्ब्युलन्सच्या चौघांना मी उचलली गेले नाही, ते आणखी माणसं आणायला गेलेत. दगडाचं ओझं माझ्या बाळात उतरतंय. मी परत घेतलं ना, दाण्यांबरोबर— उल्हासला म्हटलं, दाणे टाकून ये, ओटी उचलून आण. माझं बाळ वाचव.

२५ सप्टेंबर
पहाट. अॅम्ब्युलन्सची माणसं अजून परतली नाहीत. उल्हास शिळेपाशी पोचला. फोन कानाशी धरून लिहितेय, नाहीतर वेड लागेल. दाणे ठेवले. काही झालं नाही. शिळा कमरेइतकी वर आलीय, अधांतरी. खण, तांदूळ मिळाले. नारळ घरंगळून शिळेखाली पार मधोमध गेलाय. प्रॉसर ओरडतायत, आत जाऊ नकोस. हा म्हणतो, डोन्ट वरी, टू मिनिट्स.

रांगतोय. श्वास ऐकू येतोय.

नारळ हाताला लागला म्हणाला—

लाथ! बाळाने लाथ मारली! पुन्हा! मी कुशीवर वळले, माझी मी! उठून बसले! देवा, किती हलकं—

हलकं.

मग ते सगळं वजन आता—

उल्हास, नारळ सोड, बाहेर ये, बाहे—