साडू (सोने धरून)

शर्क, कुवेत
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

श्री. सुयोगराव यांस,

मोरेश्वरचा नमस्कार. अण्णा-माईंना साष्टांग सांगा, देवयानीला आशीर्वाद. इकडे मी आणि आर्या ठीक आहोत. शुभदाही ठीक आहे, पण गेल्या आठवड्यापर्यंत तिने ते मला सांगितलं नसतं.

पत्र पहिल्या ओळीपासून वाचा. पेपर मागच्या पानापासून वाचायची तुमची सवय इथे नको. फोन तुम्ही उचलत नाही, मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा येतात आणि उत्तर येत नाही, म्हणून हा कागदाचा खटाटोप. आमच्या ऑफिसातला अभिनव दिवाळीसाठी आज इचलकरंजीला निघालाय. शनिवारी तो तुमच्या दुकानात येऊन हे पत्र आणि खजुराचा डबा देईल. खजूर ठेवून घेऊन पत्र तेवढं परत पाठवाल, तसं करू नका.

हवा इकडे आता माणसात आली आहे. संध्याकाळी बाहेर पडता येतं.

असो. माईंच्या पंच्याहत्तरीला व्हिडिओ कॉलवर जे झालं, त्याची आधी तांत्रिक बाजू सांगतो.

मला माईंचे जुने फोटो सगळ्यांना दाखवायचे होते. फक्त फोटोच शेअर करा, असं आर्याने बजावलं होतं. मी अख्खा स्क्रीन शेअर केला. फोटोंच्या मागे माझं गुंतवणुकीचं सॉफ्टवेअर उघडं होतं, ते फोटो बंद करताना पुढे आलं. यात माझा काही हेतू नव्हता. आर्या कानाशी ओरडत होती, "बाबा, स्टॉप शेअरिंग, एव्हरीवन कॅन सी," पण मला वाटलं ती फोटोंबद्दलच बोलतेय. म्हणून मी स्क्रीन आणखी मोठा केला.

डाव्या बाजूला साठवलेल्या ग्राफांची यादी होती. साडू. साडू (सोने धरून). साडू (दुकान वगळून). साडू, लग्नापासून. साडू, कोविडपासून. शेवटच्या नावापुढे मी माझ्यापुरतं "हा दाखवायला बरा" असं लिहून ठेवलं होतं, ते अण्णांनी मोठ्याने वाचलं. अण्णांना एरवी औषधाच्या बाटलीवरचं वाचता येत नाही.

"मोरेश्वरराव, निळी रेघ कुणाची?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माझी. "आणि ती खालची तांबडी?" मी फोटो शोधायला लागलो. सगळं घर तुमच्याकडे बघायला लागलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "म्हणजे जागेचा भाव त्यासाठी विचारत होता होय," आणि दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून उठलात. सुयोगराव, तुम्ही घरात होतात. तुमच्या मागे केक दिसत होता.

आता माझी बाजू ऐका. एका घरचे दोन जावई म्हणजे काय असतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार. आम्ही इकडे फ्रिज घेतला की अण्णा सांगणार, सुयोगरावांनी दोन दारांचा घेतला. तुम्ही गच्चीवर सोलर बसवलं, ते मला त्यांनी दर फोनला नव्याने सांगितलं. मी चिडायचो. एक दिवस म्हटलं, मी हिशेबातला माणूस, रोज ऐकून घेण्यापेक्षा एकदा मोजूनच टाकू.

या सॉफ्टवेअरमध्ये दोन-चार गुंतवणुकी एकाच ग्राफवर मांडता येतात. रंग निवडायचे, सुरुवातीची तारीख निवडायची. त्या तारखेला सगळ्या रेघा एका जागेवरून निघतात आणि मग कोण किती चढलं ते दिसतं. एवढी मांडामांड रोज कोण करणार, म्हणून तो नाव देऊन साठवायचा. पुढच्या वेळी नाव दाबलं की तोच ग्राफ ताज्या भावांसकट समोर हजर. त्यातली एखादी रेघ बदलून नव्या नावानेही ठेवता येतो. फंडांचे भाव ते आपले आपण आणतं. फुलेवाडीच्या पुढच्या तुमच्या जागेचा भाव मात्र जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर आणत नाही. तो हाताने भरावा लागतो. म्हणून तो दर शुक्रवारचा फोन.

आणि खरी गोम तारखेत आहे, तीही सांगून टाकतो. तुमच्या लग्नापासून धरलं तर तुम्ही माझ्या बरेच पुढे आहात. सोने धरून तर विचारूच नका. कोविडपासून धरलं तरच मी पुढे. म्हणून तो दाखवायला बरा.

त्या दिवसानंतर शुभदाने अबोला धरला. सकाळी डबा देताना ती आर्याला सांगायची, "बाबांना म्हणावं, आमटी सांडेल, डबा आडवा करू नका." मी समोर उभा. आर्या म्हणायची, "आई, ही इज राइट हिअर." मग गेल्या शुक्रवारी शुभदा आपणहून चष्मा लावून माझ्याशेजारी येऊन बसली. "उघडा," म्हणाली, "सगळे बघायचेत मला."

एकेक ग्राफ उघडून दाखवला. मला वाटलं ती तुमच्या सोन्याचा आकडा कुठून मिळवला ते विचारणार. (देवयानीकडून. तिने सहज सांगितलं होतं, तिला रागावू नका.) तिने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही सुयोगरावांची रेघ मधेच आडवी का झालीय?"

मी सांगितलं की नवा भाव भरला नाही तर सॉफ्टवेअर शेवटचा भावच पुढे ओढत राहतं, म्हणून रेघ सपाट दिसते.

"कधीपासून भरला नाही?"

बघितलं. गेल्या दिवाळीपासून.

"मग वर्षभर दर शुक्रवारी त्यांना भाव विचारून तुम्ही करत काय होतात?"

मी म्हणालो, चहा टाकतेस का. तिने टाकला नाही. तिथेच बसून राहिली, माझ्या उत्तराची वाट बघत.

सुयोगराव, मला खरंच माहीत नव्हतं. भाव मी विचारतोय आणि भरतोय, अशीच माझी समजूत होती. आठवून बघितलं तर लक्षात आलं, तुम्ही भाव एका वाक्यात सांगायचात. मग महापालिकेच्या पाण्याची रड, मग त्या कुळकर्ण्यांच्या कुत्र्याने दुकानातून पळवलेली चप्पल, मग कुणाच्या बोअरला मोटार बसवायला गेलात आणि त्याने जेवायलाच बसवून घेतलं. फोन ठेवेपर्यंत भाव मी विसरलेला असायचो. पुढच्या शुक्रवारी परत विचारायचा, कारण फोन करायला काहीतरी कारण लागतं. नुसतं कसे आहात म्हणून फोन करायची आमच्या घरात पद्धत नव्हती. आमचे वडीलही मला हॉस्टेलवर फोन करायचे ते मनिऑर्डर पोचली का हे विचारायला.

आता ऑफिस सुटलं की दस्मानच्या बाजूला समुद्राकडे चालायला जातो. तिथे जो तो कानाला फोन लावून आपल्या गावाशी बोलत चाललेला असतो. माझ्याशी कामाशिवाय बोलणारे तुम्ही एकटे होतात. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हणालो नसतो. गेले तीन शुक्रवार फार वाईट गेले.

आता मुद्द्यावर येतो. एवढा वेळ तो टाळत होतो, हे तुम्ही ओळखलं असेलच.

मी भाव विचारतोय म्हणजे मला तिकडे जागा घ्यायचीय, असं तुम्ही समजलात. समजून स्वस्थ बसला नाहीत. तुमच्या कुंपणाला लागून असलेली घोरपडे मास्तरांची जागा तुम्ही माझ्यासाठी बघितलीत. सातबारा पाठवलात, फोटो पाठवलेत, मास्तरांच्या विहिरीचं पाणी पितानाचा तुमचा व्हिडिओ पाठवलात. मी त्यावर "वा" लिहिलं. पुढच्या वेळी "बघू" लिहिलं. तुम्ही मास्तरांना दिवाळीपर्यंत थांबवून ठेवलंय, तेही स्वतःच्या शब्दावर, हे देवयानीने शुभदाला सांगितलं तेव्हा मला या आठवड्यात कळलं. आणि येत्या रविवारी तुम्ही त्यांना नको म्हणून सांगायला जाणार आहात, हेही कळलं.

मी "बघू" का म्हणत होतो ते सांगतो. इथे सगळ्यांना मी सांगून बसलोय की निवृत्त झालो की पुण्यात, बाणेरला. फ्लॅट घेऊन ठेवलाय, भाडेकरूही चांगला आहे. थोरला साडू धाकट्या साडूच्या कुंपणाला येऊन राहिला, तर अण्णा रोज सकाळी फिरायला येणार आणि दोन्ही कंपाउंडच्या भिंतींची उंची बघणार. तुमच्या जास्वंदीला फुलं किती, आमच्या किती. जन्मभर ग्राफवर राहायचं, तेही सॉफ्टवेअरशिवाय. या भीतीने मी गप्प होतो. दुसरं कारण नव्हतं.

काल मी "साडू" हाच ग्राफ उघडला. पुसला नाही. रंग जुळवायला फार वेळ गेला होता, पुसायला जीव होईना. माझी रेघ काढली, तिथे बाणेरचा फ्लॅट घातला. तुमची रेघ काढली, तिथे मास्तरांची जागा घातली. तिचे भाव तुम्ही वेळोवेळी पाठवलेल्या मेसेजमध्येच होते, ते बसून भरले. फ्लॅट पुढे निघाला. तारीख मागे नेली. फ्लॅट पुढे. तारीख अलीकडे आणली, भाडं वगळलं, तरी फ्लॅटच पुढे. जागा पुढे निघेल अशी एक तारीख मिळावी म्हणून मी संध्याकाळभर हटून बसलो होतो. शुभदा मागून बघत होती. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला काय निघायला हवंय ते कळलं ना आता? मग बंद करा ते."

बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा ग्राफ एक सांगतोय आणि मी दुसरं करतोय. बरं वाटतंय. शुभदाने त्यानंतर चहा टाकला.

तेव्हा रविवारी मास्तरांकडे जा, पण नको म्हणायला जाऊ नका. तुमचा शब्द माझा समजा. पुढच्या व्यवहाराला आम्ही दोघं डिसेंबरात येतो, सह्या समोरासमोर करू. तुमचा राग अजून असेल तर तो असू द्या, त्याला इलाज माझ्याकडे नाही. तुम्ही मला आपला समजून जागा शोधत होतात आणि मी तुम्हाला तांबड्या रंगात मांडत होतो, याची मला लाज वाटते. चुकलो. पण शेजार मात्र तुमचाच पाहिजे.

मधलं कुंपण ठेवायचं का काढायचं, हे तुम्ही ठरवा. मी काढायच्या बाजूचा आहे. अण्णांना मग कुणाचं अंगण कुठे संपतं तेच कळणार नाही.

मास्तरांकडून घरी आलात की फोन करा. पत्र पोचलं एवढंच सांगायला केलात तरी चालेल. कारण मिळालं नाही तर कारणाशिवायही करा, मी उचलेन.

तुमच्या कुंपणापलीकडे जागा मागणारा,
मोरेश्वर