फ्रेंच सबटायटल्स

व्हिटबी,
रविवार

प्रिय सलोनी,

तुझे सगळे फोन पाहिले. मुद्दाम उचलले नाहीत. तू रडली असतीस आणि मीच तुझी समजूत काढत बसले असते. नागपूरच्या हॉस्टेलपासून हेच चालत आलंय. म्हणून हे पत्र.

दर शनिवारी दुपारी माझ्या बेसमेंटमध्ये आपण ती फिलिपिनो मालिका बघायचो. बेटावरची बेकरीवाली आणि सदा गैरसमज करून घेणारा तिचा तो बोटवाला. तुझ्या हातात चिवड्याची वाटी, माझ्या मांडीवर घड्या घालायचे कपडे. नियम एकच होता, एकटीने पुढचा भाग बघायचा नाही. मार्चमध्ये टीव्ही लावला तर आपला बाविसावा भाग बाकी आणि मालिका पोचलेली एकतिसाव्यावर, सबटायटल्सही फ्रेंच. घराबाहेर माझा पासवर्ड फक्त तुझ्याकडे, या समजुतीने मी तुला फोनवर चांगलं फैलावर घेतलं. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "हो गं, मीच बघितले. फ्रेंचचा क्लास लावलाय ना, तेवढाच सराव." मी दोन दिवस फुगून बसले. तू पुरणपोळ्या घेऊन आलीस आणि मी विरघळले. जिभेची इतकी लाचार आहे मी.

पुढच्याच शनिवारी चोविसाव्या भागात बोटवाल्याचं लग्न आधीच झालेलं निघालं, आणि तू अशी दचकलीस की वाटीतला चिवडा गालिच्यावर. नऊ भाग पुढे गेलेली बाई अशी दचकत नाही, सलोनी. अभिनय तुला गॅदरिंगमध्येही कधी जमला नाही. त्याच भागात बेकरीवालीसाठी डोळे पुसत तू म्हणालीस, हिला कुणी सांगत कसं नाही. मी तुझ्याकडे बघत राहिले.

तू गेल्यावर आठवलं, की माझा नवरा म्हणवणाऱ्या परीक्षितने तिकडे फ्रेंच मुलखात, लव्हालच्या फ्लॅटवरच्या टीव्हीवर माझंच खातं लावून घेतलं होतं. कंपनीने फ्लॅट दिला तेव्हाच. पण त्याला मालिकांचा भारी तिटकारा. शुक्रवारी तो घरी आला तेव्हा विचारलं, तिथे माझी मालिका कोण बघतं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. तिथे त्याच्याबरोबर असणाऱ्या बाईचं नाव सांगितलं आणि वर म्हणाला, सलोनीला दिवाळीपासून माहीत आहे. तुझा उन्मेष त्याच प्रोजेक्टवर, त्यानेच सांगितलं असणार.

परीक्षितचा राग येतो, भांडी आपटली की जरा उतरतो. तुझा उतरत नाही. नुसती गप्प राहिली असतीस तर भित्री म्हणून सोडून दिलं असतं. पण मी जाब विचारला आणि तू त्याचा गुन्हा स्वतःच्या नावावर घेतलास. वर पुरणपोळ्या.

तरीही लिहितेय, कारण ईशानी. परीक्षित सामान घेऊन गेला. जाताना लेकीला सांगून गेला, की आईला उगाच संशय येतोय, म्हणून थोडे दिवस लांब राहतो. पंधरा वर्षांची पोर मला म्हणते, "मॉम, यू आर इमॅजिनिंग थिंग्ज." तिला बापाकडे राहायला जायचंय, आणि बाप तिला न्यायला येत्या रविवारी येतोय. माझं ती ऐकत नाही. सलोनीमावशी खोटं बोलत नाही, असं मात्र ती ठामपणे म्हणते. तेव्हा आदल्या दिवशी, शनिवारी ये. काही करून आणू नकोस. तिच्यासमोर बस आणि तुला दिवाळीपासून काय माहीत आहे, ते तिला सांग. त्याच्यासाठी माझ्याशी खोटं बोललीस ना, आता माझ्यासाठी माझ्या मुलीशी खरं बोल. त्यानंतर तुझ्यासाठी चहा ठेवेन की नाही, हे मला आज सांगता येत नाही.

तुझीच, असं अजून लिहवतंय म्हणून,
उमा